कातडे कमावणाऱ्याने काय कमावले?

इटलीतील मिलान शहरात २२ जून २०२५ रोजी प्राडा या बड्या कंपनीने पुरुषांच्या नव्या पोशाखांचे प्रदर्शन भरविले. त्यात मिरविणाऱ्या तरुणांच्या पायांतील चपला पाहून महाराष्ट्रातील माणसाला ओळख पटायला वेळ लागला नाही. अंगठा, पट्टा, कडेची शिवण, सारे काही कोल्हापुरी. कंपनीने मात्र त्यांना नुसते 'चामड्याचे सँडल' म्हटले. कोल्हापूरचे नाव नाही, कारागिराचे तर नाहीच नाही. मग ओरड झाली, पत्रे गेली, मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली व जुलैमध्ये ती फेटाळलीही गेली. दरम्यान मूळ प्रेरणा भारतीय असल्याचे कंपनीने मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी तिचा करार झाला. सुमारे २,००० जोड इकडे तयार करवून घ्यायचे आणि एका जोडाची किंमत ८०० युरोच्या आसपास ठेवायची. आपल्या पैशात ही रक्कम ८० हजारांच्या वर जाते.

त्या दिवसांत सर्व वर्तमानपत्रांतून 'आपला वारसा' हे दोन शब्द फार वाचायला मिळाले. वारसा म्हणून छाती फुगविणाऱ्यांत असेही पुष्कळ होते, की ज्यांच्या आजोबांनी चप्पल शिवणाऱ्याला ओट्यावर बसू दिले नसते. चप्पल घरात, चप्पल करणारा अंगणाबाहेर, हाच त्या वारशाचा नियम होता.

मी कारकून माणूस आहे. वाणिज्य शाखेत शिकलो, त्यामुळे गौरवाची भाषा ऐकली की वहीत दोन रकाने आखावेसे वाटतात, एक जमेचा व एक नावेचा. कातड्याचा हा जमाखर्च आज वाचकांसमोर मांडतो. घुग्घुसमध्ये त्याची गरज आहेच. कोळशाच्या खाणीतील कामगाराचे बूट चामड्याचे, कारखान्यातील वेल्डरचे हातमोजे आणि छातीवरचा अ‍ॅप्रन चामड्याचा, पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधतात त्या घुंगरांचा पट्टा चामड्याचा, वरातीपुढचे डफडेही चामड्याचेच. रोज अंगावर घालतो, पण ते कोणाच्या हातून आले हे आपण विचारीत नाही.

एका कातड्याला किती हात लागतात?

जनावर मेले की कातड्याचा पहिला शत्रू म्हणजे ऊन. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काही तासांतच कातडे कुजू लागते, केस सुटतात, आणि असे कातडे बाजारात कवडीमोल ठरते. म्हणून सोलणाऱ्याला घाई करावी लागते. घाईतही सुरी घसरून चालत नाही, कारण आतल्या बाजूने बसलेला काप चामड्यात कायमचा राहतो. सोललेल्या कातड्याला भरपूर मीठ लावायचे. पुढे ते धुवायचे, चुन्याच्या पाण्यात भिजत घालायचे, मग केस व चिकटलेले मांस खरवडून काढायचे. त्या कुंडांचा वास ज्याने घेतला असेल त्याला जास्त सांगायला नको.

यानंतर खरे 'कमावणे' सुरू होते. हिरडा, बाभळीची साल यांचा तुरट अर्क कातड्याच्या तंतूंत मुरला की ते कुजायचे थांबते व त्याचे चामडे होते. हा हिरडा आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातही होतो. जुन्या रीतीत कातडे पिशवीसारखे शिवून टांगत, त्यात सालीचा काढा भरत आणि तो झिरपत राही. या कामाला आठवडेच्या आठवडे लागत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची रीत आली आणि आठवड्यांचे काम दिवसावर आले. वेल्डरचा हातमोजा बहुधा याच रीतीच्या चामड्याचा असतो. मात्र या रीतीत मागे उरणारे पाणी विषारी असते. कानपूरजवळचे जाजमऊ आणि तामिळनाडूतील राणीपेट यांनी त्याची किंमत आपल्या विहिरींनी व नदीने मोजली आहे.

वजनाचाही हिशोब पाहा. मीठ लावलेली १,००० किलो कच्ची कातडी घेतली, तर हाती येणारे चामडे २०० ते २५० किलोंच्या आसपास असते. बाकी सारे खरवड, काप आणि घाण. ती उचलणारे हात वेगळे, आणि चामडे विकणारे हात वेगळे.

जुन्या गावगाड्यात ही कामे जातीजातींत वाटून टाकली होती. मेलेले जनावर ओढायचे आणि सोलायचे महाराने. कातडे कमावायचे ढोर समाजाने. त्याच्या वहाणा व मोटा करायच्या चर्मकाराने. दोरखंड वळायचे, डफ-हलगी वाजवायची ती मातंगाने. गावागणिक रीत थोडी बदले, परंतु क्रम साधारण हाच. एकाच कातड्यावर चार समाज जगत होते, चौघांनाही गाव अस्पृश्य म्हणत होते, आणि तरी चौघे आपसांत पंगत करीत नव्हते. ज्याने ही वाटणी केली त्याच्या हुशारीला तोड नाही. त्याने कातडे फुकटात मिळविले आणि कामगारांची एकजूटही होऊ दिली नाही.

पाचशे रुपयांचा प्रश्न

कोलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला १९ व २० मार्च १९२७ रोजी भरली. तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली जनावरे ओढणे व मृतमांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. गावोगाव लोकांनी ते ऐकले. गावाने त्याबद्दल बहिष्कार घातले, मारहाणी केल्या, तरी लोक मागे हटले नाहीत.

तेव्हा विरोधकांनी एक नवा युक्तिवाद काढला, तो हिशोबाचा. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर १५ ऑक्टोबर १९५६ रोजी केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी ही हकीकत सांगितली आहे. संगमनेरला एका सभेच्या वेळी 'केसरी'च्या वार्ताहराने त्यांना विचारले, की तुमचे लोक इतके गरीब, बायकांच्या अंगावर धड लुगडे नाही, मग कातडे, शिंगे, खूर, हाडे यांचे वर्षाचे पाचशे रुपयांचे उत्पन्न सोडायला तुम्ही त्यांना का सांगता? बाबासाहेबांनी त्याला त्याच्या घरच्या माणसांची संख्या विचारली. मग सांगितले, की एवढे मोठे कुटुंब आहे तर तूच गावची मेलेली ढोरे ओढ, ते पाचशे तर मिळतीलच, शिवाय दरसाल आणखी पाचशे मी माझ्या पदरचे देण्याची व्यवस्था करतो. माझ्या लोकांच्या अन्नवस्त्राचे काय ते मी बघून घेईन. अर्थात पुढे कोणी सरसावले नाही. माणसाला इज्जत प्यारी असते, लाभ नव्हे, हे त्या सांगण्याचे सार होते. दुसऱ्याच दिवशी, १६ ऑक्टोबरला, ते आपल्या चंद्रपूरला आले व येथेही दीक्षा समारंभ झाला. आपल्या भागातील वृद्धांच्या मनात ही गोष्ट इतकी घट्ट का रुतून आहे, ते यावरून समजावे.

आता त्या पाचशेचाच हिशोब मांडू. समजा, गावात ज्या वस्तीकडे हे काम होते तिची ४० घरे होती. ५०० भागिले ४० म्हणजे घरामागे वर्षाला साडेबारा रुपये. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे २०० आणे. दिवसाला जेमतेम अर्धा आणा. जमेच्या बाजूला हा अर्धा आणा. नावेच्या बाजूला मात्र रात्री-अपरात्री येणारी हाक, नकाराचा अधिकार नसणे, पाणवठ्यावरची बंदी, शाळेत दाराबाहेर बसणारे मूल आणि हे सारे पुढच्या पिढीच्या नावावर आपोआप चढणे. वार्ताहराच्या वहीत दुसरा रकानाच नव्हता. बाबासाहेबांनी तो भरायला लावला.

आपल्या घुग्घुसच्या कुशीतून जी वर्धा नदी वाहते, तिच्याच नावाच्या वर्धा शहराजवळ नालवाडी येथे १९३० नंतरच्या काळात गांधीजींच्या विचाराने एक चर्मालय चालले. गोपाळराव वाळुंजकर ते पाहत. आपोआप मेलेल्या जनावराचेच कातडे वापरायचे, काम शास्त्रशुद्ध व स्वच्छ करायचे, म्हणजे त्याला प्रतिष्ठा येईल, असा तो मार्ग होता. वाळुंजकरांच्या कष्टाबद्दल आदर ठेवूनही एक फरक सांगणे भाग आहे. नालवाडीचा प्रश्न होता, हे काम चांगले कसे करावे? महाडचा प्रश्न होता, हे काम जन्मावरून कोणी कोणावर का लादावे? पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा सुटत नाही.

तो सुटला नाही याचा पुरावा फार जुना नाही. गुजरातमधील उना तालुक्यात मोटा समढियाळा गावी ११ जुलै २०१६ रोजी मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना अमानुष मारहाण झाली. त्यानंतर सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली जनावरे कलेक्टर कचेरीपुढे आणून टाकली. संगमनेरला दिलेले उत्तर साठ-सत्तर वर्षांनी पुन्हा एकदा दिले गेले, की तुमची माता आहे तर तुम्हीच उचला. मार खाल्लेल्या कुटुंबाने २६ एप्रिल २०१८ रोजी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

कातडे तेच, मान निराळा

कातडे मुळातच अपवित्र असते तर गोष्ट वेगळी होती. पण तसे कधीच नव्हते. ऋषी मृगाजिनावर बसले, साधू व्याघ्रचर्मावर बसले, आणि ते आसन पवित्र ठरले. तबला-मृदंगावर बकऱ्याचे कातडे ताणलेले असते. तो देवळात गाभाऱ्यासमोर वाजतो आणि वाजविणाऱ्याला पंडित म्हणतात. तेच कातडे डफड्यावर चढले की वाजविणारा मांडवाबाहेर बसतो. तेव्हा विटाळ कातड्यात नसतो, वहीत माणसाचे नाव कोणत्या पानावर लिहिले आहे त्यात असतो. (व्याघ्रचर्म-मृगाजिनाबद्दल एवढेच, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असली कातडी बाळगणे व विकणे गुन्हा आहे. वाघांच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांनी हे पक्के लक्षात ठेवावे.)

तथागतांनी या विषयाकडे कसे पाहिले, हे विनयपिटकातील महावग्गात आहे. तेथे चामड्यावर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. सोण नावाच्या सुकुमार भिक्खूच्या पायांतून चंक्रमण करताना रक्त आले, तेव्हा भगवंतांनी वहाणा वापरण्यास अनुमती दिली. ती एकट्याला नको, असे सोण म्हणाला, म्हणून ती सर्व भिक्खूंना मिळाली. पुढे एका भिक्खूला वासराच्या ठिपकेदार कातड्याचा मोह झाला. त्याच्या उपासकाने वासरू मारून ते कातडे दिले, आणि वासराची आई हंबरत त्या भिक्खूमागे चालत आली. भगवंतांनी त्याचा कडक निषेध केला व गाईबैलांचे कातडे वर्ज्य ठरविले. त्याच प्रकरणात अवंती-दक्षिणापथाची हकीकत आहे. तिकडची जमीन काळी, कठीण, जनावरांच्या खुरांनी तुडविलेली. म्हणून तिकडच्या भिक्खूंना जाड तळांच्या वहाणा आणि मेंढी, बकरा व हरिण यांच्या कातड्याची अंथरुणे वापरण्याची मोकळीक दिली गेली.

आपल्या काळ्या मातीत पाय भाजलेल्या माणसाला हा नियम लगेच कळेल. शिवाशिवीचा येथे प्रश्नच नाही. पायाला गरज आहे का, आणि त्यासाठी कोणाचा जीव हौसेखातर घेतला जातो का, एवढेच पाहिले आहे.

मग मुलाने हे शिकावे काय?

आमच्या वस्तीत गेल्या वर्षी याच प्रश्नावर एका घरात वाद झाला. बारावी झालेल्या नातवाला छिंदवाड्याच्या फुटवेअर डिझाइन अँड डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश घ्यायचा होता. आजी उसळली. "बाबासायबानं सोडाले सांगतलं, अन् तू पैसे देऊन शिकाले चालला का बापा?" घरातील मंडळी सल्ल्यासाठी माझ्याकडे आली.

आजीचा राग खरा आहे. तिने नावेचा रकाना स्वतः भरला आहे, आणि नातवाने आधी तिच्याकडून तो इतिहास ऐकून घ्यावा, असे मी त्याला सांगितले. मग वहीवर तीन प्रश्न लिहून दिले. हे काम तुझ्यावर जन्माने आले आहे, की तू निवडले आहेस? भाव तू ठरविणार, की दुसरा? आणि उद्या सोडावेसे वाटले तर सोडता येईल काय? जुन्या कामात तिन्ही उत्तरे आपल्या विरुद्ध होती. या संस्थेत प्रवेशपरीक्षा देऊन सर्व जातींची मुले येतात, २०१७ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा आहे, आणि पदवी घेऊन बाहेर पडलेला मुलगा कोणत्याही कारखान्यात, दुकानात वा स्वतःच्या धंद्यात जाऊ शकतो. पहिल्या व तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बदलले आहे. दुसऱ्याचे अजून पुरते बदललेले नाही, आणि खरी मेहनत तेथेच आहे.

कोल्हापुरी चपलेचेच उदाहरण घ्या. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना ते लागू आहे. मानांकन दोन महामंडळांच्या नावे आहे, त्यांपैकी आपले संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झाले. हे सर्व चांगले आहे. पण मानांकन असूनही मिलानला नाव गाळले गेले. साधा जोड आपल्याकडे हजाराच्या आतबाहेर मिळतो, म्हणजे तिकडच्या एका जोडाच्या किमतीत इकडचे ऐंशी जोड. त्या फरकातील किती वेणी घालणाऱ्या बाईपर्यंत पोहोचतो, हा प्रश्न करारावर सह्या करणाऱ्यांना कोणीतरी विचारला पाहिजे. बाईचे नाव मुद्दाम घेतले. चपलेची वेणी आणि नाजूक शिवण पुष्कळदा घरातील बायका चूल-मूल सांभाळून करतात. हिशोबात ती मजुरी 'घरचेच काम' म्हणून धरलीच जात नाही. आपल्या पाचशे रुपयांत जशी माणसाची इज्जत धरली नव्हती, तसेच हे.

कच्च्या मालाचाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदीची दुरुस्ती मार्च २०१५ पासून लागू झाली व गाईबरोबर बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीला ती नाही. धारावीतील कातडीकाम करणाऱ्या अनेकांचा रोजगार त्यानंतर हलला. तेथील कारागिरांना घेऊन सुधीर राजभर या कलावंताने जुन्या टायर-रबराच्या पिशव्या काढल्या आणि शिवी म्हणून वापरला जाणारा शब्दच धंद्याचे नाव म्हणून लावला, 'चमार स्टुडिओ'. नाव स्वतः घेतले की त्यातील अपमान गळून पडतो, ही त्यामागची जिद्द. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर समाजातील परशुराम गंगावणे यांना चामड्याच्या बाहुल्यांची कला जपल्याबद्दल २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कलेसोबत कलावंताचे नाव गेले म्हणजे मानही त्याच्या घरी जातो. माल एकटा गेला तर मान दुकानदाराकडे राहतो.

नातवाला मी शेवटी एवढेच म्हटले, की जायचे तर आरी-रापीबरोबर खतावणीही शिकून ये. फी किती, कर्ज किती, शिकून बाहेर पडलेल्यांना खरोखर काय पगार मिळतो, हे तेथे जाऊन चार जुन्या विद्यार्थ्यांना विचार. गौरवाच्या भाषेला भुलून जाऊ नकोस आणि लाजेपोटी माघारही घेऊ नकोस. न जमल्यास दुसरे शिक्षण आहेच.

आपल्या वहीत काय?

वाचक बंधू-भगिनींनो, इतरांचा हिशोब मांडणे सोपे असते. चौकातील गटई कामगाराशी आपण पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो आणि काचेच्या दुकानात चिठ्ठीवरची किंमत मुकाट्याने देतो. त्याच्या कामात सुरी धरण्याची, टाका घालण्याची जी कसबी असते, तिचा भाव द्यावा. समाजकल्याण खात्याकडून गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देण्याची योजना आहे. आपल्यापैकी ज्यांना अर्ज भरता येतो त्यांनी अशा दोघा-चौघांचे अर्ज भरून द्यावेत. कागदाचे काम हे आपल्या हातचे कसब आहे, ते दुसऱ्याच्या उपयोगी पडू द्यावे.

आणि एक गोष्ट कडू लागली तरी सांगितली पाहिजे. आपण ढोरे ओढणे सोडले, शिकलो, नोकऱ्यांत गेलो. त्यानंतर आपल्यातील काही जण चर्मकाराच्या ठेल्याकडे आणि मातंगाच्या डफड्याकडे त्याच नजरेने पाहू लागले, ज्या नजरेने गाव आपल्याकडे पाहत होते. मुलामुलीच्या लग्नाची बोलणी निघाली की ही नजर उघडी पडते. एका कातड्यावरच्या चार हातांना ज्याने वेगळे केले, त्याचे काम आता आपण फुकटात पुढे चालवितो आहोत. बाबासाहेबांनी काम सोडायला सांगितले होते. ते काम अजून करणाऱ्या माणसाला सोडून द्या, असे त्यांनी कोठेही सांगितलेले नाही.

येत्या रविवारी विहारात जाताना दाराबाहेर जोडे काढाल, तेव्हा ते कोणाच्या हातून शिवले गेले याचा विचार मुलांशी बोलून दाखवा. आणि चौकातल्या त्या माणसाचे नाव तुम्हाला ठाऊक नसेल, तर परतताना विचारून घ्या.